पसाभर जोंधळ्यांच्या बदल्यात

लहानपणी चुलत भावंडांना मला चिडवायचं असलं की ती लांबून ओरडायची, "ए विकलेल्या! जा की तुझ्या घरी!" मी रडायचो नाही. मला ते आवडायचं. आपल्याला जायला आणखी एक घर आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती.

माझ्याआधी आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून मी जन्मलो तेव्हा आजीनं जुनी रीत केली. सुपात जोंधळे पसरून त्यावर मला निजवलं आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत नेऊन तिथल्या एका लेकुरवाळ्या बाईला विकलं. तिनं पसाभर जोंधळे देऊन मला विकत घेतलं, पदराखाली घेतलं, पोटभर पाजलं. मग आजीनं मला परत विकत घेतलं, घरी आणून अंघोळ घातली आणि नाक टोचलं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरचं मूल गावानं खालचं मानलेल्या घरात विकायचं, म्हणजे मरणाला त्याची किंमत वाटत नाही, अशी समजूत होती. मरणसुद्धा जात बघून येतं, असंच आमच्या माणसांना वाटत असणार.

आजी ही गोष्ट सांगायची ती दर वेळी तशीच, शब्दही न बदलता. त्या बाईचं वर्णन मात्र मी माझं माझंच करून घेतलं होतं. उंच, सावळी, कपाळावर गोंदण. माझ्या आईचं दूध आटलं होतं, दुष्काळातलं बाळंतपण होतं तिचं. त्यामुळं माझ्या अंगात आईचं दूध नाही, माणसाचं म्हणून जे काही आहे ते त्या बाईचं आहे, हे मी धरूनच चाललो होतो.

ती वस्ती मी पाहिलेली नाही. मला कळायला लागलं तेव्हा ओढ्यापलीकडं बाभळी होत्या, जोत्यांचे दगड होते आणि मधोमध मातीचा एक उंचवटा होता. दर दिवाळीत आजी मला घेऊन तिथं जायची आणि एका दगडावर खण ठेवायची.

"आजे, ती कुठं गेली?"

"गेली कारखान्याकडं."

"मग खण कसा घेईल?"

"घेती. तू चल."

दुसऱ्या दिवशी मी पळत जाऊन बघायचो. खण नसायचा. ती येऊन गेली आणि मला भेटली नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. एका वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका बाईच्या अंगात त्याच खणाची चोळी दिसली. मी कुणाला काही बोललो नाही. पुढच्या दिवाळीतही मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलोच.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. इंदापुरात माझं पंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गावाकडं डाळिंब आणि पेरू आहेत. ओढ्यापलीकडचं ते रान आता आमचं आहे. ते आमच्याकडं कसं आलं, हे मी कधी विचारलं नाही. कागद नीटच असणार. मोठ्या घरांचे कागद नेहमी नीटच असतात. बाभळी निघाल्या, जोती निघाली, वर पेरू आले. त्या पेरूंवर माझ्या मुलीचं शिक्षण झालं.

गेल्या उन्हाळ्यात तिथं शेततळं काढायला घेतलं. जेसीबीचा ड्रायव्हर मोठा बोलका होता. उंचवट्यापाशी बकेट दगडावर घासली, गोल बांधकामाची कड दिसली, तसा तो वरूनच ओरडला, "मालक, हंडा निघतोय बघा! चहा सांगा, बासुंदी सांगा!"

तो आड होता. घडीव दगडांचा, तोंडाला अरुंद. आतली माती बकेटनं उपसायला लागल्यावर पहिल्यांदा एक शिंग आलं. मग कवटी. मग बरगड्या, एकात एक अडकलेल्या. बकेट वर येई ती हाडांनीच भरून. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं आणि खाली उतरून पाहिलं.

"हंडा न्हाय मालक," तो म्हणाला, "गोठा निघाला."

आम्ही दोघंही हसलो. नंतर मी एकटा तिथं उभा राहिलो तेव्हा ध्यानात आलं की हा शेतातला आड नाही. आडाच्या तोंडाशी दोरानं पडलेल्या खाचा होत्या, बायकांनी वर्षानुवर्षं पाणी शेंदून पडलेल्या. हा वस्तीचा प्यायच्या पाण्याचा आड होता.

माझे एक चुलते अजून आहेत. तात्या. ऐंशीच्या पुढं गेलेत, पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसलेले असतात, आल्यागेल्याची हजेरी घेतात. मी त्यांना जाऊन सांगितलं.

"तात्या, ओढ्यापलीकडं आड निघाला."

"निघंल की. आड जमिनीतच असतुया."

"हाडांनी भरलाय. जनावरांच्या."

तात्या तंबाखू मळत होते. मळतच राहिले. "भात्तरच्या दुष्काळातली असतील. लई जनावर मेलं तवा. पुरायला माणसं कुठनं आणायची?"

"पण पाण्याच्या आडात?"

"पाणी व्हतंच कुठं?"

"मग वस्तीतली माणसं काय पीत होती?"

"तूच सांग आता. शाळा तू शिकलायस." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं. रात्रभर झोप लागली नसावी. मी बसलो. बराच वेळ ते पेरूच्या भावाबद्दल बोलले, मग मध्येच म्हणाले, "तवा सगळ्या गावाचीच जनावरं मरत व्हती. आदी ओढून न्यायचं काम वस्तीकडं व्हतं. छप्पन सालानंतर त्यांनी हळूहळू सोडलं. आमी धम्म घेतला, मेलेलं ढोर ओढणार न्हाय, म्हणायची. बरं. एखाददुसरं असंल तर गाव बी गप बसायचं. पर दुष्काळात रोज दोन-चार. वास सुटला. गावानं सांगून बघितलं. त्यांनी न्हाय म्हटलं. मग गावानं बी न्हाय म्हटलं."

"कशाला?"

"सगळ्यालाच. गिरणीला. दुकानाला. रानातनं जायच्या वाटंला."

"आणि आड?"

"ते पोरांनी केलं."

"कुठल्या पोरांनी, तात्या?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी काय जन्मताच म्हातारा व्हतो का?"

मी एवढंच विचारलं, "ती माणसं गेली कुठं?"

"कालव्याच्या कडंनं वर. कोऱ्हाळ्याच्या अंगाला. ऊस व्हता तिकडं, काम मिळायचं."

आमच्याकडं कालवा येता येता थकतो, आम्ही शेपटाकडची माणसं. ती माणसं त्याच्या काठानं पाण्याच्या दिशेनं चालत गेली. बारामतीला जाताना मी हजारदा तो कालवा पाहिला आहे.

त्यानंतरचे दिवस मी दुकानात बसून होतो, पण माझं लक्ष नव्हतं. माझं वय आणि त्या दुष्काळाचा हिशेब कुणालाही येईल असा सोपा आहे, मी तो कधी मांडला नव्हता. ज्या उन्हाळ्यात मला सुपातून त्या वस्तीत नेलं, त्याच उन्हाळ्यात त्या वस्तीच्या आडात आमची जनावरं पडली. म्हणजे जिनं मला पाजलं, तिच्याच पाण्यात. आणि ते करणाऱ्यांत माझ्या घरची माणसं होती. माझे आजोबा तेव्हा गावचे कारभारी होते. त्यांच्या शब्दाशिवाय गावात गिरणीसुद्धा बंद होत नसे.

इथं मी एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. या सगळ्यात मला अपराधी वाटत होतं हे खरं, पण त्याच्या तळाशी एक आधारही होता. रक्त या घरचं असेल. दूध तिकडचं आहे. माझ्यातला निम्मा भाग तरी या पापाच्या बाहेरचा आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. ती बाई जिवंत असेल तर तिच्याकडून एवढंच ऐकायचं होतं. हो, तू माझं दूध प्यायलास. मग बाकीचं मी सोसलं असतं.

एका सकाळी मी दुकान बंद ठेवून कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो. बौद्ध वस्तीत विहाराच्या कट्ट्यावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. मी गावाचं नाव सांगितलं, दुष्काळात तिकडून आलेली घरं कुठली म्हणून विचारलं. त्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "सही पायजे का कुणाची? सरळ सांगा."

"नाही, सही नको."

"जमिनीचं काय लफडं?"

"नाही हो."

तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला. "सही नको असलेला माणूस तिकडनं पयल्यांदाच आला म्हणायचं. कोण पायजे?"

मला नाव माहीत नव्हतं. बावन्न वर्षं जिला मनात आई म्हणत आलो तिचं नाव आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, त्या दुष्काळात जिच्या मांडीवर तान्हं मूल होतं, ती बाई.

ते हसले. "मग आमच्या साहेबाची आई. त्याला आमी चिडवायचो, दुष्काळातली सुकडी खाऊन इंजिनिअर झालास म्हणून. वीज खात्यात हाय, बारामतीत. म्हातारी त्याच्यापाशीच असती." त्यांनी तिथूनच फोन लावला, माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि फोन ठेवून म्हणाले, "रविवारी या म्हणतोय. जेवायच्या वेळंला नका जाऊ, चहाला बोलावलंय."

रविवारी मी लुगडं घेऊन गेलो. बारामतीतली नवी कॉलनी, दारात रांगोळी, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या माणसानं. याला मी मनात दूधभाऊ म्हणत आलो होतो. त्याच्या केसांत माझ्यापेक्षा काळं जास्त होतं. तो नीट, मोजकं बोलला आणि मला आत नेलं.

ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. उंच नव्हती. कपाळावर गोंदणही नव्हतं. बारीकशी, गोरटेली म्हातारी, चष्म्याला दोरी बांधलेली.

"कुठलं पाव्हणं?"

मी गाव सांगितलं. तिचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.

"कुणाच्यातलं?"

"ओढ्याकडच्या मोठ्या घरातला. माझ्या आजीनं मला सुपात घालून तुमच्याकडं आणलं होतं."

तिनं चष्मा वर सारला आणि माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की तिचा मुलगाही अवघडला. मग तिची नजर माझ्या नाकावरच्या भोकापाशी थांबली.

"टोचलं म्हणायचं नाक," ती म्हणाली. "बसा."

मी लुगडं पुढं केलं. मुलगा म्हणाला, "हे नको." ती म्हणाली, "आणलंय तर असू दे. पुन्यांदा काय आणू नका." आणि परत मेथी निवडायला लागली. मी वाट बघत राहिलो. शेवटी मीच म्हटलं, "मला ऐकायचंय. तुमच्या तोंडून."

"काय ऐकायचं त्यात? तुमची आजी सकाळची आली. काखंत सूप. दारात उभी ऱ्हायली, म्हणाली, घे, पसाभर जोंधळं टाक आन घे याला. घरात जोंधळं कुठलं? सरकारची सुकडी व्हती. तर ती म्हणाली, मीच आणल्यात, ह्यातलंच मला दे." ती जराशी हसली. "आपलंच जोंधळं, आपलंच लेकरू, आन इकत घेणार आमी! हा माझा दोन महिन्यांचा." तिनं बावन्न वर्षांच्या इंजिनिअरकडं बोट केलं. "मला दूध मावत न्हवतं. आन तुमी रडत व्हता. लेकरू कुणाचं बी रडू दे, बाईला पान्हा फुटतो. त्याला आपलं-परकं कळत न्हाय. माझी चोळी भिजली. मी हात पुढं केला तर सासरा दारात आला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, बाई, हे आमी सोडलं. माणसाचं लेकरू आमी इकत घेत न्हाय. भुकेलं असंल तर सून पाजंल. दोन दिस पाजंल, म्हैनाभर पाजंल. द्यायचं न्हाय, घ्यायचं न्हाय."

"मग?"

"मंग काय. तुमच्या आजीला ते पटंना. इकत घेतलं तरच पाज, म्हणाली. न्हायतर नको."

मला ते लगेच कळलं, आणि आपल्याला ते इतकं लगेच कळावं याची लाज वाटली. विकलं असतं तर तेवढ्यापुरता मी त्यांचा झालो असतो. त्यांच्या घरचं मूल त्यांचं दूध प्यायलं, त्यात काय? मग परत विकत घेऊन अंघोळ घातली की सगळं धुऊन निघालं. पण न विकता पाजलं, तर आमच्या घरचं मूल आमच्या घरचंच राहून त्यांचं दूध प्यालं असतं. ते धुवायची रीत नव्हती. ते नातं झालं असतं. आजीनं भुकेलं पोर परत नेलं, पण ते होऊ दिलं नाही.

"म्हणजे तुम्ही मला..."

"न्हाय पाजलं."

मेथीचे देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. आत सुनेनं चहा टाकला होता, त्याचा वास येत होता. मी एवढा मोठा माणूस, मला वाटलं उठून जावं आणि गाडीत बसून रडावं.

ती तिच्या नादात बोलत होती. "जाताना मातुर वळली तुमची आजी. सासऱ्याकडं न बघता मलाच म्हणाली, आज पाणी भरून ठेवा. कशाला ते न्हाय सांगितलं. आमी घागरी भरल्या, पातेली भरली, काठवट बी भरली. दुसऱ्या दिशी पहाटं बघतो तर आडात ढोरं. वरपत्तुर. ते भरलेलं पाणी आमाला वाटंला पुरलं."

म्हणजे आजीला माहीत होतं. घरात बेत ठरत असताना ती मला घेऊन ओढा ओलांडून गेली होती. तिला तो थांबवता आला नाही, की थांबवावासा वाटला नाही, हे आता कोण सांगणार? तिनं एवढं केलं. आणि घरी येऊन, विक्री झाली, पाजलं, सगळं रीतीनं झालं, असं सांगितलं. ते मरेपर्यंत सांगत राहिली.

"पर एक हाय बघा," म्हातारी म्हणाली आणि तिच्या चष्म्यामागं काहीतरी चमकलं. "मेलेलं ढोर ओढायचं न्हाय म्हणून आमाला वाळीत टाकलं. आन त्या राती ओढली कुणी? तुमच्याच पोरांनी. येक न्हाय, दोन न्हाय. आमच्यात कुणी म्हणायचं, जाऊ दे, गाव गेलं तर गेलं, पर ते काम एकदा तरी त्यांच्याकडनं करून घेतलं!"

ती खळखळून हसली. सूनही आतून हसली. ही गोष्ट त्या घरात हसण्यासाठी ठेवलेली दिसत होती. मुलगा हसला नाही. मला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "राग मानू नका, पण तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

मी गाडीचं दार उघडलं. मग मी म्हटलं, "मला वाटत होतं आपण भाऊ आहोत."

"आई फार बोलत नाही त्याबद्दल," तो म्हणाला. "पाण्याचं मला माहीत होतं. सुपाचं आज कळलं." मग शांतपणे, "त्या आडाचं काय करणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"आमच्यासाठी काही करू नका. गावात करायचं असेल तर करा. आम्हाला त्यातलं काही नकोय."

परतताना मी भवानीनगरच्या बाजूला कालव्यापाशी गाडी उभी केली. आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ होतं. या काठानं ती माणसं डोक्यावर आमच्या आजीनं भरून ठेवायला सांगितलेलं पाणी घेऊन गेली होती. त्यांच्यात एक बाई होती, तिच्या पदराखाली एक मूल पीत होतं. दुसरं प्यायलं असतं, जागा होती. मला त्या जागेची हुरहूर वाटत राहिली, अजून वाटते. जे आपल्याला कधी मिळालंच नाही, ते हरवल्यासारखं वाटावं, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

घरी मी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "शेततळं दुसरीकडं घ्या." तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "बुजव तो आड. कशाला उघडा ठेवलायस?" मी बुजवला नाही. हाडं काढून रानाच्या कडेला नीट पुरली, ड्रायव्हरनं मदत केली, त्या दिवशी तो काही बोलला नाही. गावातली माणसं येऊन बघून गेली. म्हातारी माणसं लांबूनच बघायची. तरुण विचारायचे, हे काय, आणि मी सांगायचो. काही जणांनी मला नंतर रामराम घालणं सोडलं. त्यातल्या एकानं दुकानात येऊन, मोटार दुरुस्त करून घेऊन, वर सांगितलं, "गावाची अब्रू काढायला तुला आडच सापडला का?" मी त्याची मोटार करून दिली.

पावसाळा संपता संपता इंजिनिअरचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता. "आई म्हणते, एकदा नेऊन आण. मी म्हटलं कशाला, तर ऐकत नाही. तुमची हरकत नसेल तर येतो."

त्या दिवशी तात्या बाजारला निघून गेले. बाजाराचा वार नव्हता.

ते तिघं आले. म्हातारी, मुलगा, सून. ओढ्यापाशी गाडी थांबली आणि ती उतरली. तिनं कुणाचा हात धरला नाही. पेरूच्या ओळींतून चालत गेली, मध्येच थांबायची, पावलानं जमीन चाचपायची, आणि सांगायची, "हितं मोठ्या जावंचं. हितं शेळ्या बांधायचो. हितनं पुढं उकिरडा." मुलगा मागं होता. त्याला हे सगळं पहिल्यांदाच दिसत होतं. त्याला दिसत होती ती फक्त पेरूची झाडं.

आडापाशी ती आली, वाकून आत पाहिलं. खाली थोडं पाणी आलं होतं. दोराच्या खाचांवरून तिनं बोट फिरवलं, एका खाचेत ते ठेवलं. "ही आमची," म्हणाली. मग वळून चालायला लागली आणि एका झाडापाशी थांबली.

"हितं दार. आन तुमची आजी तितं, तुमी उभं हाय तितं."

मी तिथं उभा होतो. कुणी सांगितलं नव्हतं, सहज उभा राहिलो होतो. मी बाजूला होऊ का, असं मला झालं.

"किती लांब हाय बघा," ती म्हणाली. "दोन हात. मी पुढं झाली असती तर हिसकून घेतलं असतं. पाजलं असतं तर तिनं काय केलं असतं? मारलं असतं? सासरा बोलला असता, बोलला असता तर बोलला असता." ती माझ्याकडं बघत नव्हती. "तुमचं रडणं ओढ्यापत्तुर ऐकू येत व्हतं. मंग ऐकू येईना. आमी दुसऱ्या दिशी गेलो. मला वाटायचं, ते प्वार मेलं."

"मी?"

"मंग? आईला दूध न्हाय. मी न्हाय पाजलं. दुष्काळ तसला. वाटलं, मेलंच असणार. कोऱ्हाळ्यात असताना कुणी तिकडचं भेटलं तरी इचारायचं धाडस न्हाय व्हायचं. काय इचारायचं? मोठ्या घरचं बारकं प्वार जगलं का, असं? त्यांनी म्हटलं असतं, तुमाला काय करायचं." ती थांबली. "ह्याला पाजायला घेतलं की मला ते ऐकू यायचं. वरीसभर."

मुलगा तिच्याकडं बघत राहिला. सुनेनं तोंडाला पदर लावला. मी बावन्न वर्षं तिची वाट पाहिली होती, आणि ती एवढी वर्षं मला मेलेला समजून सोबत घेऊन फिरत होती.

ती पेरूच्या झाडाला टेकून उभी राहिली. बरीच दमली होती. मुलानं गाडीकडं चल म्हटलं, तरी ती हलली नाही. मग तिनं मला विचारलं, जसं कुणाच्याही लेकराबद्दल विचारावं तसं,

"मंग जगला कशावर?"

"शेळीच्या दुधावर," मी म्हटलं. "आई सांगायची. एक शेळी आणली होती माझ्यासाठी."

"लगीच आणली?"

"हो. त्याच दिवशी संध्याकाळी, असं आई म्हणायची."

"त्याच दिशी?"

"हो."

"मंग बरं," ती म्हणाली. "शेळीचं हलकं असतंय. लेकराला बाधत न्हाय." तिनं दोनदा मान हलवली, चष्मा पदरानं पुसला आणि मुलाचा हात धरून पेरूच्या ओळीतून गाडीकडं निघाली.